जुना कॉम्प्युटर बाहेरच्या एसएसडीवरून चालवायचाय? आधी पोर्ट पाहा, मंग पैसे काढा

कॉम्प्युटर स्लो झाला की आपल्याकडे क्रम ठरलेला आहे, पहिले कोणाला तरी बोलावून विंडोज मारून घ्यायचं, दोन महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं, मंग रॅम वाढवायची, तरी गाडी जागची हलत नाही म्हटल्यावर नवा घ्यायची चर्चा सुरू. अन् या सगळ्यात जी खरी अडवून राहिली तिच्याकडे कोणी पाहतच नाही, ती म्हणजे आतली फिरणारी हार्ड डिस्क. खात्री करायची असेल तं कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर उघडा अन् डिस्कचा कॉलम पाहा. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत अन् डिस्क 100 टक्के, असं दिसलं की रॅमवाल्याला फोन करू नका.

लॅपटॉप अन् ऑल-इन-वनमध्ये (म्हणजे स्क्रीनच्या मागेच सगळा कॉम्प्युटर असतो तो) बहुतेक 5400 आरपीएमची डिस्क टाकलेली असते. मिनिटाला 5400 म्हणजे सेकंदाला 90 फेरे, एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद, त्यात हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे इकडून तिकडून छोट्या छोट्या फायली उचलायच्या म्हटलं तं ही डिस्क सेकंदाला शंभरही उचलू शकत नाही, अन् विंडोज सुरू होताना नेमकं हेच काम हजारो वेळा करायचं असतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे तिथे हाच आकडा हजारोंत जातो. म्हणून 2012-13 चा आय-3 पण एसएसडीवर टाकला की माणसात येतो.

आता कोणी म्हणेल, मंग एसएसडी आतच का नाही बसवत? बरोबर आहे, अन् मी पण तेच सांगतो. लॅपटॉपचं मागचं झाकण स्क्रू काढून निघत असेल, डेस्कटॉपची साईड उघडत असेल, तं एसएसडी आत टाका, हा लेख इथंच सोडा. यूएसबीनं बाहेरून लावून तिच्यावरूनच सिस्टीम चालवायची भानगड तेव्हाच करा जेव्हा मशीन उघडता येत नाही किंवा उघडायचंच नाही. माझ्या मित्राचं नागपुरात मानेवाडा रोडवर झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथला ऑल-इन-वन याच गटातला. स्क्रीन काढल्याशिवाय डिस्कपर्यंत हात जात नाही, अन् त्याच्या आतल्या विंडोजमध्ये टॅली, प्रिंटरचे जुने ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, सगळं कसंबसं जुळलेलं, त्याला धक्का लावला तं ॲडमिशनच्या दिवसांत दुकान बंद. तिथे बाहेरची ड्राइव्हच बरोबर. आतलं जसंच्या तसं राहतं, ड्राइव्ह लावली की नवीन सिस्टीम, काढली की जुनी.

पोर्टची गोष्ट

सगळा खेळ इथंच आहे अन् लोक इथंच फसतात. दुकानदार एसएसडीच्या डब्यावरचा 550 एमबी प्रति सेकंदचा आकडा दाखवतो अन् आपण खूष होतो, पण तुमच्या कॉम्प्युटरला यूएसबी 2.0 च असेल तं त्या आकड्याचा काही उपयोग नाही. यूएसबी 2.0 ची कागदावरची मर्यादा 480 मेगाबिट, प्रत्यक्षात हातात येतात 30 ते 40 एमबी प्रति सेकंद. सहा पदरी रस्ता येऊन इतवारीच्या गल्लीत घुसला तं गाडी कोणतीही असो, चालणार गल्लीच्याच हिशोबानं. यूएसबी 3.0 ला 5 गिगाबिट मिळतात, डेटा पाठवायच्या पद्धतीत त्यातला पाचवा हिस्सा खर्ची पडतो, तरी खरोखर 400 एमबीच्या आसपास मिळतात, अन् तेवढे भरपूर झाले.

पोर्ट ओळखायचं कसं? आत निळं प्लास्टिक असेल किंवा बाजूला यूएसबीच्या चिन्हासोबत एसएस लिहिलं असेल तं 3.0. पण काही कंपन्या निळं प्लास्टिक लावतच नाहीत, काळं असून पण 3.0 निघतं, म्हणून रंगावर जाऊ नका, डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलरच्या यादीत एक्स्टेन्सिबल होस्ट कंट्रोलर किंवा एक्सएचसीआय असं काही आहे का ते पाहा. आत विंडोज 7 असेल तं त्याच्यात यूएसबी 3.0 चा ड्रायव्हर आपला आपण येत नाही, तेव्हा तिथे पिवळं चिन्ह दिसलं म्हणून पोर्ट खराब समजू नका. अजून एक सोपी खूण, इंटेलनं 3.0 स्वतःच्या चिपसेटमध्ये दिलं ते 2012 मध्ये, तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत. म्हणजे तुमच्या आय-3, आय-5 च्या पुढचा चार आकडी नंबर 3 नं किंवा त्याच्या पुढच्या आकड्यानं सुरू होत असेल तं मशीनला 3.0 असायची शक्यता चांगली. नंबर 2 नं सुरू होत असेल अन् तरीही निळं पोर्ट असेल तं ते बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीची चिप जोडून दिलेलं असतं, अन् तिथे वेगळीच अडचण येते, ती खाली सांगतो.

अन् फक्त 2.0 च असेल तं? लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, हलकंफुलकं चालतं, कारण स्पीड कमी असला तरी हेड सरकायचा वेळ वाचतो, ब्राउझर-पीडीएफ एवढ्या कामाला जुन्या डिस्कपेक्षा बरंच वाटतं. विंडोज मात्र त्याच्यावर टाकायच्या भरीस पडू नका, अपडेट आलं की दिवस गेला.

खर्चाच्या आधी फुकटची टेस्ट

एसएसडी घ्यायच्या आधी घरात पडलेला 8 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. कोणत्याही चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) आयएसओ फाईल, म्हणजे आख्खी सिस्टीम असलेली एक फाईल, उतरवा, रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर घेऊन ती पेन ड्राइव्हवर टाका, पेन ड्राइव्हमधलं सगळं उडणार हे लक्षात ठेवून. मंग तो पेन ड्राइव्ह नेमका त्याच पोर्टात लावा जिथे पुढे एसएसडी लावायची आहे, अन् मशीन सुरू करताना बूट मेन्यू, म्हणजे कोणत्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी, उघडा. डेल अन् लेनोव्होला साधारण एफ 12, एचपीला एस्केप दाबून मंग एफ 9, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ 12 पण बऱ्याचदा तो आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. पॉवरचं बटन दाबलं की लगेच टकटक करत राहायचं, लोगो दिसायची वाट पाहिली तं विंडोज पुढे निघून जातं.

इथे एक गंमत आहे. विंडोज 8 पासून पुढे शट डाऊन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार अर्धवट झोपवून ठेवतो, म्हणून शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा किंवा सरळ रीस्टार्ट करा. बायोसमध्ये फास्ट बूट असेल तं ते पण बंद करा, कारण वेळ वाचवायला ते यूएसबीकडे पाहतच नाही.

मेन्यूत पेन ड्राइव्ह दिसला अन् मिंटचा डेस्कटॉप आला म्हणजे तुमचं ऐंशी टक्के काम झालं. तिथेच वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर घेतो का, हे पाहून घ्या, अजून एक रुपया पण गेलेला नाही. पेन ड्राइव्ह काळ्या पोर्टातून बूट होतो पण निळ्यातून दिसतच नाही, असं झालं तं बायोसमध्ये यूएसबीच्या पानावर एक्सएचसीआय मोड किंवा एक्सएचसीआय प्री-बूट असा पर्याय शोधा अन् एनेबल किंवा ऑटो करा. तसा पर्यायच नसेल तं तुमचं निळं पोर्ट बहुतेक त्या दुसऱ्या कंपनीच्या चिपचं आहे, बायोसला ती चिप ओळखताच येत नाही.

त्याच्यावर पण तोड आहे, फक्त लिनक्ससाठी. एक छोटा पेन ड्राइव्ह काळ्या पोर्टात कायमचा लावून ठेवायचा अन् इन्स्टॉल करताना बूट लोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) अन् बूटचं पार्टिशन त्याच्यावर टाकायचं, बाकी सगळी सिस्टीम निळ्या पोर्टातल्या एसएसडीवर. बायोस पेन ड्राइव्हवरून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतं, कर्नल एकदा जागा झाला की त्याच्याकडे 3.0 चा स्वतःचा ड्रायव्हर असतो, मंग तो एसएसडी शोधून घेतो. लॅपटॉपचं एक्स्प्रेसकार्ड किंवा डेस्कटॉपमध्ये नंतर टाकलेलं यूएसबी 3.0 चं कार्ड असेल तरी हीच युक्ती चालते. मला तं हा जुगाड भल्ता आवडतो, पण दुकानात, जिथे चार जणांचे हात लागतात, तिथे तो काळ्या पोर्टातला पेन ड्राइव्ह कोणीतरी फोटो कॉपी करायला काढून नेईल याची तयारी ठेवा.

काय घ्यायचं

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत गेलं की दोन गोष्टी मागायच्या, एक 240 किंवा 256 जीबीची अडीच इंची सॅटा एसएसडी अन् एक यूएसबी 3.0 ची केसिंग, म्हणजे ती एसएसडी बसवायची डबी. तयार पोर्टेबल एसएसडी घेतली तरी चालते. दुकानदार एनव्हीएमई घ्या म्हणून मागे लागेल, लेटेस्ट आहे, फास्ट आहे, पण आपलं पोर्टच 5 गिगाबिटचं, त्याच्या पुढे काही जाणार नाही, अन् एनव्हीएमई जास्त करंट खाते अन् तापते पण जास्त. सॅटा घ्या, शांत राहा. पेन ड्राइव्हवरच कायमची सिस्टीम टाकू का, असं बरेच जण विचारतात, तं नका टाकू, टेस्टला ठीक आहे, रोजच्या बारीक बारीक लिहिण्याला तो पेन ड्राइव्ह तापतो, अडकतो अन् लवकर जातो.

केसिंग घेताना विचारा की यूएएसपी सपोर्ट आहे का. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर ड्राइव्हला एक काम सांगतो, ते झालं की दुसरं सांगतो, यूएएसपीत पाच-पन्नास कामं एकदम रांगेत लावता येतात, अन् सिस्टीम चालवायला तोच फरक पडतो. केबल आखूड घ्या. अन् केसिंगला टाइप सी तोंड असेल तं मोबाईलच्या चार्जरची केबल लावू नका, ती दिसायला तशीच असते पण आतून बहुतेक 2.0 च्याच तारा असतात, मंग लोक म्हणतात एसएसडी घेऊन पण काही फरक नाही पडला.

पॉवरचं पण पाहा. यूएसबी 2.0 च्या पोर्टाला 500 मिलिअँपिअर द्यायची परवानगी, 3.0 ला 900. डेस्कटॉपच्या समोरचे पोर्ट लांब तारेनं आलेले असतात, तिथे एसएसडी मधूनच गायब होते, म्हणून मागचे, मदरबोर्डला चिकटलेले पोर्ट वापरा. मधात हब तं लावूच नका.

लिनक्स टाकताना

चार जीबी रॅमच्या मशीनला मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, आठ असेल तं थोडी जड सिनॅमन पण चालेल. मिंट 22 ला एप्रिल 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे सध्या काळजी नाही.

इन्स्टॉल करायचं पेन ड्राइव्हवरूनच, एका पोर्टात पेन ड्राइव्ह अन् दुसऱ्यात एसएसडी. इथे जरा थांबून वाचा, कारण या इन्स्टॉलरला एक जुनी खोड आहे. तुम्ही त्याला कितीही सांगा की सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर टाक, सिस्टीम तिकडे टाकतो पण बूट लोडर मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (मशीन सुरू करायच्या फायलींचा छोटा भाग) जाऊन बसवतो. तेव्हा कळत नाही, सगळं छान चालतं. ज्या दिवशी ड्राइव्ह काढून मशीन सुरू करता त्या दिवशी काळ्या स्क्रीनवर ग्रबचा, म्हणजे त्याच बूट लोडरचा, प्रॉम्प्ट येऊन बसतो अन् मशीनचा मालक म्हणतो माझं विंडोज उडवलं. विंडोज कुठं उडालेलं नसतं, फक्त चावी चुकीच्या खिशात गेलेली असते, पण त्याला हे कोण समजावणार.

म्हणून इन्स्टॉलच्या आधी आतली डिस्क नजरेआड करायची. सगळ्यात सोपं म्हणजे बायोसमध्ये जाऊन ते सॅटा पोर्ट किंवा ती ड्राइव्ह डिसेबल करणं, बऱ्याच मशीनमध्ये ड्राइव्ह नावाच्या पानावर टिक काढायची सोय असते. मंग इन्स्टॉलरला एकच डिस्क दिसते अन् सरळ इरेज डिस्क दाबता येतं, न घाबरता. इन्स्टॉल झालं की परत जाऊन टिक लावायची. ही सोय नसेल तं पेन ड्राइव्हवरून मिंट चालू असतानाच जीपार्टेड उघडा, आतल्या डिस्कवरचं साधारण 100 ते 500 एमबीचं फॅट 32 चं ईएफआय पार्टिशन शोधा, त्याच्यावर राइट क्लिक करून मॅनेज फ्लॅग्जमधून बूट अन् ईएसपी या दोन टिका काढा, नंतर इन्स्टॉल करा अन् झाल्यावर त्याच टिका परत लावा. कोणत्या पार्टिशनच्या काढल्या त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. या वाटेनं गेलात तं इरेज डिस्क दाबायच्या आधी यादीतली साईज दोनदा वाचा, 500 जीबी किंवा 1 टीबी म्हणजे आतली, 240 म्हणजे आपली.

बूट मेन्यूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं, एकदा नुसतं अन् एकदा पुढे यूईएफआय लावून, तं आतलं विंडोज ज्या पद्धतीचं आहे तीच निवडा. विंडोज 8 सोबत आलेलं मशीन असेल तं यूईएफआय, म्हणजे सुरू व्हायची नवी पद्धत, विंडोज 7 च्या काळातलं असेल तं बहुतेक लेगसी, म्हणजे जुनी. लेगसीत समथिंग एल्स निवडलं तं बूट लोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा हे इन्स्टॉलर विचारतो, तिथे बाहेरची एसएसडी सांगायची, तिच्यातलं पार्टिशन नाही, आख्खी ड्राइव्ह. अन् आतल्या विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल तं बायोसमध्ये हात घालायच्या आधी त्याची 48 आकडी रिकव्हरी की काढून ठेवा. जुन्या मशीनला सहसा नसतं, पण ऑफिसच्या लॅपटॉपला असू शकतं.

झालं की बायोसमध्ये बूटच्या क्रमात बाहेरची ड्राइव्ह सगळ्यात वर न्या. रोज एफ 12 दाबायचं काम नाही, ड्राइव्ह लावलेली असेल तं मिंट, नसेल तं आपोआप जुनं विंडोज.

विंडोजच पाहिजे असेल तं

विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबीवरच्या डिस्कवर बसायला सरळ नाही म्हणतो, तसा मेसेजच येतो, अन् ते बरोबरच आहे, त्याला ते चालतच नाही. मायक्रोसॉफ्टनं 2012 मध्ये विंडोज 8 च्या एंटरप्राइज आवृत्तीत विंडोज टू गो नावाची सोय दिली होती, नेमकी याच कामासाठी, अन् 2020 मध्ये विंडोज 10 च्या 2004 नंबरच्या आवृत्तीत ती काढून टाकली. आता तीच गोष्ट रूफसमधून होते. आयएसओ निवडली की खाली इमेज ऑप्शनमध्ये विंडोज टू गो येतं ते घ्यायचं. एसएसडी यादीत दिसत नसेल तं ॲडव्हान्स्ड उघडून यूएसबी हार्ड ड्राइव्ह दाखवायची टिक लावा. पुढे एक पर्याय विचारतो, आतल्या डिस्कला हात लावू द्यायचा की नाही, तिथे नाही म्हणा, दोन विंडोज एकमेकांच्या डिस्कमध्ये नाक खुपसायला लागले की डोकेदुखी.

पण कोणतं विंडोज, हा खरा प्रश्न आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला अधिकृतपणे टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप अन् इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं, आपली तिसरी-चौथी. रूफस त्या अटी बाजूला सारून देतो, चालतं पण, तरी उद्या कोणतं अपडेट अडकेल याची खात्री नाही. मी म्हणून रोजचं काम लिनक्सवर अन् जे विंडोजशिवाय होतच नाही तेवढ्यापुरतं आतलं जुनं विंडोज, असंच करायला सांगतो. मित्राच्या दुकानात हेच करून ठेवलंय. फॉर्म, झेरॉक्सचं स्कॅनिंग, पीडीएफची साईज कमी करणं, फोटो कापणं, मेल, सगळं मिंटवर. अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचा टोकन अन् टॅली आली की ड्राइव्ह काढून जुनं विंडोज, ते सुरू होईपर्यंत समोरच्या टपरीवर चहा होतो. मराठी टायपिंगला मिंटमध्ये इनस्क्रिप्ट मिळतो, पण श्रीलिपीवाल्या जुन्या फायली असतील तं त्या विंडोजकडेच ठेवा.

मॅकवाल्यांचं सोपं आहे

ज्यांच्याकडे जुना आयमॅक आहे त्यांना तं हाच उपाय सगळ्यात जास्त लागू पडतो, कारण 2012 च्या शेवटी आलेल्या बारीक कडेच्या आयमॅकपासून स्क्रीन चिकटवून दिलेली असते, उघडणं म्हणजे काच सोडवणं, अन् 21.5 इंचीमध्ये आत तीच 5400 वाली डिस्क. त्याच मॉडेलपासून यूएसबी 3.0 पण आहे. ॲपल बाहेरच्या ड्राइव्हवर मॅकओएस टाकायला अडवत नाही. डिस्क युटिलिटीत ड्राइव्ह जीयूआयडी पार्टिशन मॅप घेऊन फॉरमॅट करायची, इन्स्टॉलरला ती ड्राइव्ह दाखवायची, सुरू करताना ऑप्शन की धरायची अन् नंतर स्टार्टअप डिस्कमध्ये तिलाच कायम करायची, संपलं. 2012 चा आयमॅक अधिकृतपणे मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपर्यंत जातो. 2011 किंवा त्याच्या आधीचा असेल तं त्याला यूएसबी 2.0 च आहे, तिथे थंडरबोल्ट किंवा फायरवायर 800 ची जुनी केसिंग सापडली तं पाहा.

चालू झाल्यावर काय काय होतं

सगळ्यात पहिले सस्पेंड बंद करा. मशीन झोपलं की बरेच जुने बोर्ड यूएसबीचा करंट तोडतात, उठल्यावर सिस्टीमला तिची स्वतःची डिस्कच सापडत नाही अन् सगळं गोठून जातं. स्क्रीन बंद होऊ द्या, मशीन झोपू देऊ नका.

वायरलेस माऊस अडखळून राहिला तं माऊसला शिव्या देऊ नका. यूएसबी 3.0 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंधळ करतं, अन् माऊसचा डोंगल नेमका तिथेच बोलतो. डोंगल एसएसडीपासून लांब, दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

मधातच अर्धा-एक मिनिट सगळं थांबून राहतं अन् मंग आपोआप पुढे जातं, असं होत असेल तं केसिंगची चिप अन् यूएएसपी यांचं जमत नाही. लिनक्समध्ये त्या एका केसिंगपुरतं यूएएसपी बंद करता येतं, कर्नलला तिचा आयडी सांगून, पण नवख्या माणसानं त्याच्यात पडण्यापेक्षा केसिंग बदलून आणणं सोपं, म्हणून बिल जपून ठेवा. बूट होताना मधातच काळ्या स्क्रीनवर बिझीबॉक्स अन् कंसात इनिट-रॅम-एफएस असं काही दिसलं तं ड्राइव्ह जागी व्हायच्या आधीच कर्नलनं तिला शोधलं, ग्रबच्या सेटिंगमध्ये रूटडिले, म्हणजे ड्राइव्हसाठी थांबायचा वेळ, दहा सेकंद टाकला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

अन् ड्राइव्ह भरू देऊ नका. बऱ्याच केसिंगमधून ट्रिम आतपर्यंत पोचत नाही, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळतच नाही, म्हणून पंधरा-वीस टक्के जागा कायम रिकामी ठेवा.

आता आपल्या गावचं. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, खोलीतच 40 असलं तं ती छोटी ॲल्युमिनियमची डबी हाताला चटका देते. सॅटा एसएसडी ते सोसून घेते, पण तिला मॉनिटरच्या मागे डबल टेपनं चिकटवू नका, नवतपा लागला की टेपचा गोंद पाघळतो अन् ड्राइव्ह केबलला लोंबकळते, चालू मशीनवर एकदा जरी निसटली तं फायली गेल्याच समजा. स्टँडच्या दांड्याला केबल टायनं बांधा, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी. कूलरच्या ओल्या झोतासमोर तं अजिबात ठेवू नका. अन् लाईटचा भरवसा नसतो, डेस्कटॉप असेल तं यूपीएस पाहिजेच, आतल्या डिस्कला जो झटका बसतो तोच बाहेरचीला पण बसतो.

राहिली आतली जुनी डिस्क. मिंटमध्ये डिस्क्स नावाचं ॲप असतं, त्याच्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे आकडे, उघडून रिअलोकेटेड सेक्टर अन् पेंडिंग सेक्टर हे दोन आकडे पाहा. शून्य असतील तं जुना डेटा तिथेच राहू द्या, अन् वापर नसताना ती फिरायची थांबावी म्हणून त्याच ॲपच्या ड्राइव्ह सेटिंगमध्ये स्टँडबायला दहा मिनिटं द्या, आवाज पण कमी होतो. आकडे वाढून राहिले असतील तं त्याच दिवशी कामाचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. कॉपी करताना विंडोजची सी ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही असं दिसलं तं घाबरू नका, ते फास्ट स्टार्टअपनं अर्धवट झोपवून ठेवलेलं विंडोज आहे, एकदा विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट धरून शट डाऊन करून या, मंग उघडते.